कोरड्या मुलखातील रांजणखळगे

ज्या प्रदेशात पाऊस कमी पडतो, त्या प्रदेशात खडक उघडे राहतात. दमट मुलखात खडकावर माती साचते, मातीवर गवत, झुडपे व वृक्ष वाढतात आणि भूमीचा सांगाडा दृष्टीआड होतो. कोरड्या मुलखात हे आवरण विरळ असते. त्यामुळे कमानी, सुळके, भूछत्रासारखे खडक, अरुंद घळया आणि गोल खळगे असे नाना आकार तेथे एखाद्या लहानशा फेरफटक्यातही पाहावयास मिळतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात किंवा जॉर्डनच्या वाळवंटात असे खडक पाहण्यासाठी लोक मुद्दाम पायी हिंडतात. हे आकार पाहिले, की ते कोणी घडविले हा प्रश्न मनात येतोच. भोवताली पाण्याचा मागमूस नसतो. ऊन आणि वारा मात्र अखंड असतात. म्हणून उत्तरही सहज सुचते : ऊन खडक फोडते आणि वारा तो कोरतो.

हे उत्तर पूर्णपणे चुकीचे नाही. परंतु ते फार अपुरे आहे. ते किती अपुरे आहे हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील एक स्थळ विशेष उपयोगी पडते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात निघोज नावाचे गाव आहे. या गावाजवळ कुकडी नदीच्या खडकाळ पात्रात जे रांजणखळगे आहेत, त्यांचे नाव महाराष्ट्रातील बहुतेकांनी शाळेतील भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले असते. पुस्तकातील ती एक ओळ पाठ होते आणि विसरलीही जाते. प्रत्यक्ष पात्रात उतरून पाहणाऱ्याला मात्र त्या ओळीमागे एक मोठा प्रश्न उभा असलेला दिसतो : इतक्या कमी पावसाच्या मुलखात पाण्याने एवढे काम केले तरी कसे?

पात्रातील पायवाट

पारनेर तालुका हे वाळवंट नव्हे. पण तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि अवर्षणप्रवण भागात मोडतो. येथील वार्षिक पाऊस सर्वसाधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तोही दरवर्षी सारखा पडत नाही. ज्वारी व बाजरी ही या मुलखाची जुनी पिके. पाणलोटाच्या कामांसाठी देशभर प्रसिद्धी पावलेले राळेगणसिद्धी याच तालुक्यातले. पाण्याचा थेंब अडविण्यासाठी ज्या मुलखातील माणसांना डोंगरउतारावर चर खणावे लागले, त्याच मुलखात पाण्याने कातळात विहिरींसारखे खळगे खोदून ठेवले आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उन्हाळ्याच्या तोंडी निघोजहून नदीकडे जाणाऱ्याला प्रथम काही विशेष दिसत नाही. दोन्ही अंगांना शेते, बांधावर बाभळी, मधूनमधून मुरमाड माळ, असा तो ओळखीचा देशावरचा मुलूख आहे. नदी जवळ आली तरी ती दिसत नाही, कारण पात्र आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीखाली आहे. काठावर मळगंगा देवीचे देऊळ आहे. या जागेला परिसरातील लोक ‘कुंड’ म्हणतात. देवळापासून खाली उतरताच मातीचा रंग संपतो आणि काळ्याभोर, घोटीव कातळाचा विस्तार समोर येतो. पलीकडचा काठ पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याचा, टाकळी हाजी या गावाचा. दोन जिल्ह्यांची सीमा या कातळातून वाहते.

येथून पुढची वाट थोडक्याच अंतराची आहे. परंतु ती भराभर चालता येत नाही. पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहावे लागते. कातळाच्या पृष्ठावर प्रथम वाटीएवढे, मग परातीएवढे खळगे लागतात. नदीच्या मुख्य धारेकडे सरकावे तसतसे ते वाढत जातात आणि अखेर माणूस उभा बुडेल असे खोल, गोल तोंडाचे खड्डे दिसू लागतात. काही कोरडे असतात व त्यांच्या तळाशी वाळू आणि गोल गोटे पडलेले असतात. काहींत हिरवट पाणी साचलेले असते व तळ दिसत नाही. कित्येक ठिकाणी दोन खळग्यांमधील भिंत इतकी पातळ झालेली असते, की तिच्यात खिडकी पडून एका खळग्यातून दुसऱ्यात पाहता येते. काही ठिकाणी ही भिंत पुरती नाहीशी होऊन तीन-चार खळग्यांची मिळून एक वेडीवाकडी खाच झालेली असते आणि त्या खाचेच्या दोन्ही अंगांना जुन्या खळग्यांच्या अर्धवर्तुळाकार भिंती शिल्लक राहिलेल्या असतात.

‘रांजण’ हा शब्द येथे फार समर्पक आहे. घरात पाणी साठविण्याचा मातीचा रांजण मुखापाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असतो. पात्रातील पुष्कळ खळग्यांची घडण तशीच आहे. त्यांचे तोंड लहान आणि पोट मोठे. कुकडीच्या उगमाच्या बाजूला, नाणेघाटाच्या माथ्यावर माणसाने घडविलेला एक दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेण्यासाठी तो ठेवला होता, असे परंपरेने सांगितले जाते. एका रांजणावर छिन्नीच्या खुणा आहेत. दुसऱ्याला छिन्नी लागलेली नाही. मग हे हत्यार कोणते होते, हे पाहण्याआधी खडकाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

खडकाची घडण

निघोजचा कातळ बेसाल्टचा आहे. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाला व्यापणारा हा अग्निजन्य खडक आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून शिलारस बाहेर आला, पसरला व थिजला. असे एकामागून एक अनेक थर बसले आणि दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे हे त्या थरांचेच होत.

हे सर्व थर एकसारखे नाहीत. थिजताना ज्या शिलारसातून वायू निसटले, त्या खडकात बुडबुड्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक व झिओलाइट यांसारखी खनिजे भरली गेली. दुसऱ्या प्रकारचे थर भरीव व घट्ट असतात. शिवाय शिलारस निवताना आकुंचन पावतो, त्यामुळे थरांना उभ्या-आडव्या भेगा पडतात. पोकळी असो वा भेग, ती पाण्याच्या दृष्टीने एक कच्ची जागा असते. सारखा गुळगुळीत कातळ पाण्याला दाद देत नाही. पण त्याच्यावर नखाएवढा जरी खड्डा असला तरी काम सुरू व्हावयास तेवढे पुरे होते.

भोवरा आणि गोटा

केवळ पाणी बेसाल्ट कोरू शकत नाही. पाण्याजवळ हत्यार असावे लागते व ते हत्यार म्हणजे त्याने वाहून आणलेली वाळू, खडे आणि गोटे. पुराचे पाणी उंचसखल कातळावरून वेगाने वाहताना त्याला अडथळे येतात आणि अडथळ्यामागे भोवरे उठतात. एखादा भोवरा कच्च्या जागेवर स्थिरावला, की त्यात सापडलेले खडे त्याच जागी गरगरा फिरू लागतात. दर फेऱ्याला कातळाचा थोडा भुगा निघतो व तो पाण्याबरोबर वाहून जातो. खड्डा खोल झाला म्हणजे भोवरा त्यात अधिक पक्का बसतो. भोवरा पक्का बसला म्हणजे खड्डा अधिक खोल होतो. अशा रीतीने काम स्वतःच स्वतःला वाढविते. जात्याची उपमा येथे लागू पडते. फरक एवढाच, की या जात्यात वरची तळी आणि खालची तळी दोन्ही झिजतात. आत फिरणारे गोटे गोल होत होत अखेर वाळू बनतात व पुढचा पूर नवे गोटे आणून टाकतो. खडक खरवडण्याच्या या क्रियेला भूगोलाच्या परिभाषेत अपघर्षण व गोटे परस्परांवर आपटून झिजण्याच्या क्रियेला सन्निघर्षण असे म्हणतात.

येथे एक बारीक मुद्दा आहे. हत्यारे फार थोडी असली तर काम होत नाही, हे उघड आहे. पण ती फार झाली तरीही होत नाही. गोट्यांचा जाड थर तळाशी बसला, की तोच कातळाचे रक्षण करू लागतो. नदीच्या खननाचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रयोगशाळेत खडकाचे तुकडे फिरत्या पाण्यात ठेवून हे पडताळून पाहिले आहे. म्हणजे खळगा खोल होण्यासाठी पुराचा वेग आणि गोट्यांचा पुरवठा यांचे एक प्रमाण जमून यावे लागते. लहान पूर गोटे हलवीत नाही. मोठा पूर त्यांना घुसळतो आणि कधी कधी खळगा रिकामाही करून जातो.

असे खळगे वाढून एकमेकांस मिळाले, त्यांच्यातील भिंती पडल्या, की खोल व अरुंद घळई तयार होते. निघोजला काठाकडील लहान सुटे खळगे, मध्यावरील जोडखळगे आणि मुख्य धारेची खोल घळई हे तिन्ही टप्पे एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. एका अर्थी ही पायवाट कालक्रमाची वाट आहे. काठापासून धारेकडे जाणारा माणूस आरंभापासून अखेरीकडे चालत असतो.

या कामाला किती काळ लागतो? लाखो वर्षे, असे उत्तर देण्याची सवय पडून गेली आहे. परंतु प्रत्येक खळग्याला एवढा काळ लागतोच असे नाही. पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे व वीणा जोशी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात पुणे जिल्ह्यातील इंद्रायणीच्या पात्रात मानवी इतिहासाच्या मोजमापात बसेल एवढ्या काळात रांजणखळगे तयार झाल्याचा पुरावा मांडला. साडेसहा कोटी वर्षे हे खडकाचे वय आहे. खळग्याचे वय त्या मानाने अगदी अलीकडचे असू शकते. या दोन काळांची गल्लत होऊ नये.

ऊन आणि वारा यांचा वाटा

आता आरंभीच्या उत्तराकडे वळावयास हरकत नाही. वाळवंटी खडकांचे आकार ऊन व वारा यांनीच घडविले, या मताला एकेकाळी विद्वानांतही मोठा आधार होता. दिवसा तापणे आणि रात्री निवणे यामुळे खडक फुटतो, हे तर सर्वांना पटण्यासारखेच होते. १९३६ साली डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे मत कसोटीला लावले. त्याने ग्रॅनाइटचा एक घासलेला तुकडा यंत्राच्या साहाय्याने ८९,४०० वेळा तापविला आणि कोरड्या हवेने निवविला. ही संख्या २४४ वर्षांच्या दिवस-रात्रींइतकी होते. सूक्ष्मदर्शकाखालीही खडकात फरक दिसला नाही. मग त्याने निवविण्यासाठी पाण्याचा फवारा वापरला, तेव्हा अल्पावधीतच पृष्ठभाग बिघडू लागला. पुढील संशोधनाने उन्हाच्या तडाख्याने पडणाऱ्या भेगांचे महत्त्व पुन्हा काही प्रमाणात मान्य केले आहे. प्रयोगशाळेतील लहान तुकडा आणि उघड्यावरचा मोठा शिलाखंड यांत अंतर असतेच. तरी पाण्याचा अंश मिळताच विदारणाचा वेग वाढतो, हा ग्रिग्जच्या प्रयोगाचा धडा टिकून आहे.

वाऱ्याच्या बाबतीतही असेच घडले. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याने लिबियाच्या वाळवंटात अनेक मोहिमा केल्या आणि पुढे वातबोगद्यात प्रयोग करून उडत्या वाळूचे नियम शोधले. त्याचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. वाऱ्याने उडणारी वाळू टप्पे घेत जाते व तिचा बहुतेक भाग जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या आतच राहतो, असे त्याने दाखविले. याचा अर्थ असा, की वाऱ्याची कानस खडकाच्या पायथ्याशी चालते. उंच कमान किंवा खोल घळई कोरणे हे तिच्या आवाक्यातले काम नव्हे. वारा खडकाला पैलू पाडतो, झिलई देतो, सैल कण उडवून नेतो. पण मोठी कापाकाप बहुधा पाण्याची असते.

याचा अत्यंत दुःखद पुरावा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात मिळाला. तेथील अँटिलोप घळई ही वालुकाश्मात कोरली गेलेली, एखाद्या अरुंद बोळासारखी घळई असून तिच्या लहरदार भिंती पाहण्यासाठी जगभरचे लोक येतात. वर्षातले बहुतेक दिवस ती पूर्ण कोरडी असते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी काही किलोमीटर अंतरावर वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला आणि पाण्याचा लोंढा घळईत शिरला. त्यात अकरा पर्यटक दगावले. ज्या भिंती वाऱ्याने घडल्यासारख्या वाटतात, त्या कशाने घडल्या आहेत हे त्या दिवशी काही मिनिटांत स्पष्ट झाले.

पाऊस अधिक, तरी खळगे नाहीत

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की पाऊस जितका अधिक तितके खडकातील कोरीव काम अधिक. हा निष्कर्षही तपासून पाहिला पाहिजे. त्यासाठी छत्तीसगढच्या मैदानाचे उदाहरण घेता येईल. रायपूर येथे वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पारनेरच्या दुपटीहून अधिक. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी भाषकांच्या परिचयाचे असलेले हे शहर चुनखडकाच्या विस्तीर्ण थरांवर वसले आहे. शंभर कोटी वर्षांच्या आसपास वय असलेल्या या थरांत उथळ समुद्रातील सूक्ष्म जीवांनी रचलेल्या स्तंभाकार घडणीही आढळतात. परंतु गोल बाजारातील गर्दीतून वाट काढणाऱ्याला आपल्या पायाखाली असा पुरातन खडक आहे याची जाणीवही होत नाही. त्या परिसरात निघोजसारखे देखावे नाहीत. शहराजवळून वाहणारी खारून नदी सपाट मुलखातून संथपणे जाऊन शिवनाथ नदीला मिळते.

असे का? पहिले कारण उताराचे. थर आडवे, मुलूख सपाट, म्हणून पाण्याला वेग नाही आणि भोवऱ्याला जोर नाही. दुसरे कारण खडकाच्या स्वभावाचे. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी चुनखडकाला घासण्यापेक्षा विरघळविते. हे काम पृष्ठावर दिसत नाही. ते भेगांतून खाली जाऊन चालते. खडकात पोकळ्या तयार होतात आणि त्यांतून विहिरींना पाणी मिळते. छत्तीसगढमध्येच दक्षिणेला, बस्तरातील कांगेर खोऱ्यात कुटुमसरची गुहा आहे. तेथे विरघळविणाऱ्या पाण्याचे काम आणि त्याच पाण्याने छतापासून लोंबते ठेवलेले चुन्याचे स्तंभ दिव्याच्या उजेडात पाहता येतात. पावसाळ्यात मात्र गुहेत पाणी भरत असल्याने ती बंद ठेवावी लागते. कारागीर त्या वेळी कामावर असतो, असे म्हणावे.

म्हणजे पाणी एकच. पण बेसाल्टला ते घासते आणि चुनखडकाला ते विरघळविते. आणि घासण्याच्या कामात पाऊस किती पडला यापेक्षा पाणी किती वेगाने, किती एकवटून आणि काय हत्यार घेऊन आले याला अधिक महत्त्व आहे. निघोजच्या कोड्याचे उत्तर येथेच सापडते.

दूरचा पाऊस

कुकडी नदीचा उगम पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगत होतो. तेथे पूर या गावी कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. घाटमाथ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. तेथून पूर्वेकडे जावे तसे पावसाचे मान झपाट्याने घटत जाते. पाणी मात्र उताराच्या दिशेने पूर्वेकडेच वाहते. कुकडी पुढे घोड नदीला मिळते व ते पाणी अखेर भीमेत जाते.

निघोजचे रांजण निघोजच्या पावसाने भरले नाहीत आणि खोदलेही नाहीत. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून गोळा झाला, डोंगरातले दगड बरोबर घेऊन आला आणि पर्जन्यछायेतील उघड्या कातळावरून पुराच्या रूपाने धावला. पाऊस एकीकडे पडतो आणि खडक दुसरीकडे कोरला जातो. कोरड्या प्रदेशातील पुष्कळशा देखण्या भूरूपांची कथा हीच आहे. ॲरिझोनातील घळई काही किलोमीटर दूरच्या वादळाची निर्मिती आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लाइड नदीवरचे प्रसिद्ध रांजणखळगेही प्रवाहाबरोबर आलेल्या वाळूगोट्यांनीच कोरले आहेत. स्थानिक आकाश पाहून खडकाचा इतिहास वाचता येत नाही. त्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला काय घडते ते पाहावे लागते.

धरणांनंतरची नदी

वरच्या अंगाला काय घडते हा प्रश्न आज केवळ पावसाचा राहिलेला नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. त्यांपैकी माणिकडोह व येडगाव ही दोन कुकडी नदीवरच आहेत. वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही त्याच प्रकल्पातील शेजारच्या नद्यांवरील धरणे होत. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत अशा तालुक्यांतील शेतीला या पाण्याचा आधार आहे. ज्या मुलखाने दुष्काळ भोगला आहे, तेथे या धरणांचे मोल वेगळे सांगावयास नको. नदीच्या पात्रात ठिकठिकाणी बंधारेही झाले आहेत.

तथापि रांजणखळग्यांच्या दृष्टीने या गोष्टीचा अर्थ समजून घेतला पाहिजे. धरण पाणी अडविते, म्हणजे पुराचे टोक छाटते. त्याचबरोबर ते वाळू आणि गोटेही अडविते. खळगा खोदण्यासाठी जी दोन साधने लागतात, वेगवान पूर आणि दगडी हत्यारे, ती दोन्ही धरणाच्या भिंतीमागे थांबतात. अतिवृष्टीच्या वर्षी धरणांचे दरवाजे उघडतात तेव्हा पात्र पुन्हा भरून वाहते. पण त्या पाण्याबरोबर पूर्वीइतका दगड येत नाही. तेव्हा वर सांगितलेल्या नियमाने पाहता, निघोजचे खळगे ज्या परिस्थितीत तयार झाले ती परिस्थिती आता तशीच उरलेली नाही. आज जे दिसते ते बऱ्याच अंशी एका मोकळ्या नदीच्या कामाचे अवशेष आहेत.

यात धरणांना दोष देण्याचे कारण नाही. शेतीला पाणी हवे आणि ते अडविल्यावाचून मिळणार नव्हते. परंतु जी वस्तू पुन्हा घडण्याचा संभव कमी झाला, तिचे जतन करण्याची जबाबदारी वाढते. नदी आपले तुटलेले शिल्प दरवर्षी नव्याने घडवून देईल असे धरून चालता येणार नाही. खळग्यांच्या पातळ भिंतींवर उभे राहणे, त्यांतील गोटे काढून नेणे, त्यांत प्लॅस्टिक आणि निर्माल्य टाकणे या गोष्टींचा विचार याच दृष्टीने झाला पाहिजे. तळाशी पडलेला गोटा हा साधा दगड नसून त्या खळग्याचे हत्यार आहे. तो उचलून नेणारा माणूस पुरावाच उचलून नेत असतो.

पाहण्याची रीत

अशा स्थळी जाणाऱ्याने काय पाहावे? प्रथम, खळग्याच्या भिंतीवरून हात फिरवून पाहावा. पाण्याने व गोट्याने घासलेली भिंत गुळगुळीत असते आणि कित्येकदा तिच्यावर आडव्या वा पिळदार खाचा असतात; त्यांवरून भोवऱ्याच्या फिरण्याचा अंदाज बांधता येतो. दुसरे, तळाचे गोटे व भोवतालचा कातळ यांची तुलना करावी. गोट्यांत गारगोटी किंवा निराळ्या पोताचा बेसाल्ट आढळला, तर तो कोठल्या थरातून आला असेल याचा तर्क करावा. तिसरे, खळग्यांच्या रांगेकडे लक्ष द्यावे. त्या एका सरळ रेषेत असतील, तर खडकातील एखाद्या भेगेने त्यांना वाट दाखविलेली असण्याचा संभव आहे. चौथे, काठाच्या लहान खळग्यापासून मधल्या घळईपर्यंत एक एक पायरी ओळखावी.

या निरीक्षणाला उन्हाळ्याआधीचे कोरडे दिवस उत्तम. ओला बेसाल्ट निसरडा असतो, शेवाळ धरलेला कातळ तर फारच दगाबाज. खळग्यातील पाणी शांत दिसले तरी त्याची खोली वरून कळत नाही आणि घोटीव भिंतीला हातापायांची पकड मिळत नाही. आत पडलेल्या माणसाला पोहता येत असूनही वर येणे कठीण होते. पावसाळ्यात व धरणातून पाणी सोडण्याच्या दिवसांत पात्रात उतरू नये. डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही. गावातील माणसांना नदीची चाल ठाऊक असते; त्यांचा शब्द मानावा.

निघोजच्या कातळात उभे राहणाऱ्याने म्हणूनच एकदा पश्चिमेकडे पाहावे. क्षितिजावर सह्याद्री दिसो वा न दिसो, पायाखालचा प्रत्येक रांजण तिकडच्या पावसाने भरला, घुसळला आणि रिकामा केला आहे. खडक येथला आहे, दगडी हत्यारे वाटेवरची आहेत आणि बळ डोंगरातले आहे. हा संबंध एकदा ध्यानी आला, की पुढे कोणत्याही कोरड्या मुलखातील घळई, कमान किंवा खळगा समोर येवो, पाहणारा प्रथम पाण्याची वाट शोधू लागतो. आणि बहुतेक वेळा ती त्याला सापडते.